आमच्या नळाचा संक्षिप्त इतिहास

गेले नऊ दिवस आमच्या घरात पाणी 'बॅच मोड'मध्ये येत होतं. म्हणजे सकाळी सहा ते नऊ चालू. मग प्लंबरकाका येणार, गच्चीवर जाऊन चावी बंद करणार, दिवसभर भिंती फोडणार आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, काम जिथं पोचलं असेल तिथं बूच मारून, परत पाणी सोडणार. काल संध्याकाळी चावी सोडली ती शेवटची. आज शनिवार, अंगात धूळ आहे, कानात अजून छन्नी-हातोडा वाजतोय, आणि गेले नऊ दिवस डोक्यात जे घोळतंय ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा. लांबण लागणार आहे.

आमची बिल्डिंग 1978 सालची, सदाशिव पेठेतली. आधी तिथं वाडा होता, तो पाडून तीन मजले उभे राहिले. पाइप सगळे जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, आणि तेही भिंतीत गाडलेले. गेली दोन वर्षं सकाळी पहिल्यांदा नळ सोडला की तांबूस पाणी यायचं. शॉवर नावाची वस्तू नुसती शोभेची झाली होती. मी हुशारी करून बाबांना म्हटलं, "टाकी उंच करू, नाहीतर प्रेशर पंप बसवू." सॉफ्टवेअरवाल्याची सवयच ती. सिस्टिम स्लो झाली की आत काय सडलंय ते न बघता आणखी एक सर्व्हर लावायचा.

मग दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या छताला ओल आली आणि विषय आमच्या हातातून सुटला. सोसायटीनं ठरवलं, उभे पाइपही बदलायचे आणि घराघरातलेही.

प्रश्न आला राहायचं कुठे. आई म्हणाली, मावशीकडे कोथरूडला जाऊ. बाबांना पटलं. मी तर बॅग भरायलाच घेतली होती. आजी सोफ्यावर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी नाही येत. एकसष्ट साली पाणी नव्हतं तेव्हा घर सोडलं नाही, आता प्लंबर येणार म्हणून सोडू?"

आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला एकटं कसं ठेवणार? तेव्हा सगळेच राहिलो. आमच्या भाषेत सांगायचं तर लाइव्ह सिस्टिमवर मायग्रेशन. युजर आत बसलेत, त्यातली एक चौऱ्याऐंशीची आहे, आणि डाउनटाइम रोज नऊ तास :-)

पेन्सिलीएवढं भोक

पहिल्याच दिवशी प्लंबरकाकांनी बाथरूममधला अर्धा इंची पाइप कापून काढला आणि तुकडा माझ्या हातात ठेवला. "बघा साहेब, तुमचं प्रेशर."

तुकडा आतून गंजाच्या गाठींनी भरलेला होता. मधे उरलं होतं जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक.

हे कसं होतं ते सांगतो, कारण माझा समज असा होता की जीआयला गंज लागत नाही. लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या प्रक्रियेचं पेटंट स्तानिस्लास सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं 1837 साली घेतलं. जस्त गंज थांबवतं ते नुसतं पांघरूण घालून नाही. जिथं पाणी लागतं तिथं लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजतं. थोरल्या भावानं धाकट्याच्या वाटचा मार खावा तसं. पण थोरला संपला की मग धाकट्याची पाळी. जस्त झिजून गेलं की लोखंड गंजायला लागतं, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. त्याच्या गाठी आत वाढत जातात. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो.

फर्स्ट इयरला सगळ्या ब्रँचेसना सिव्हिल आणि मेकॅनिकल कंपल्सरी होतं, तेव्हा आम्ही त्याला शिव्या घातल्या. परवा मात्र हेझन-विल्यम्सचं सूत्र शोधून वाचलं. दाब तेवढाच असेल तर पाइपचा प्रवाह व्यासाच्या साधारण 2.63 व्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं नाही येत, साधारण सहावा भाग येतं. शिवाय गंजाचा खडबडीतपणा आणखी वेगळा. आमचा शॉवर का रडत होता त्याचं उत्तर एका ओळीत मिळालं. वर पंप लावला असता तर जोशीकाकूंकडे ओल नाही, धबधबा गेला असता.

आता नवीन पाइप सीपीव्हीसीचे आहेत, पिवळट पांढऱ्या रंगाचे. साधा पीव्हीसी गीझरच्या पाण्यानं मऊ पडतो, त्यातलं क्लोरीनचं प्रमाण वाढवलं की गरम पाणी सोसतो. आटे पाडणं नाही, सुत गुंडाळणं नाही, सफेदा नाही. टोकाला सॉल्व्हंट लावायचं, दाबून धरायचं, थोडं थांबायचं, झालं. प्लंबरकाकांना हे फारसं आवडत नाही. "ह्याच्यात हाताचं काम काय राहिलं?" असं म्हणत ते पाइपपाना पुसून ठेवतात. फ्रेमवर्क आल्यावर आमच्या टीममधला जुना सी प्रोग्रामर असंच म्हणतो.

जाता जाता, 'प्लंबर' हा शब्द आला 'प्लंबम'वरून. लॅटिनमध्ये प्लंबम म्हणजे शिसं. रोमन लोक शिशाचे पाइप वापरायचे. त्यांच्यातच व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुविशारद होता, त्यानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मातीच्या नळीतलं पाणी शिशाच्या नळीतल्यापेक्षा आरोग्याला चांगलं, शिशाचं काम करणाऱ्यांचे फिकुटलेले चेहरे बघा. कोणी ऐकलं? अमेरिकेनं पिण्याच्या पाण्यासाठी नवे शिशाचे पाइप टाकायला बंदी घातली 1986 साली. आणि जुने जमिनीत तसेच राहिले म्हणून 2014 पासून फ्लिंट शहरात काय झालं ते आपण वाचलंच आहे. पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक रसायन घातलं नाही, आणि जुन्या पाइपांतलं शिसं नळाला आलं. लेगसी सिस्टिमला इनपुट बदलून देताना काय होतं त्याचं याहून भीषण उदाहरण मला माहीत नाही.

वीस बादल्या

दुसऱ्या दिवसापासून घराचा कारभार आजीनं हातात घेतला. माळ्यावरचं पितळी पिंप खाली आलं. दोन घागरी, एक तपेली आणि आईनं बोहारणीला द्यायला काढून ठेवलेली कळशी, सगळ्यांना कामं लागली. पिंपातलं फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला. मोठ्या ड्रममधलं आंघोळीला. भाज्या धुतलेलं पाणी फेकायचं नाही, ते संडासात. मी फ्रिजवर कागद चिकटवून हिशेब ठेवला (सवय!). चार माणसं, पंधरा लिटरच्या वीस बादल्या, म्हणजे दिवसाला तीनशे लिटर, माणशी पंचाहत्तर. शहरातल्या पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी 135 लिटर धरतात. आम्ही त्याच्या जेमतेम निम्म्यावर नऊ दिवस काढले आणि कोणी पारोसं राहिलं नाही. फक्त पाणी हातात आलं की ते दिसायला लागतं. नळातून वाहतं तेव्हा दिसत नाही.

आणि हे हातानं उचलणं! ड्रममधून बादली भरून बाथरूमपर्यंत न्यायची, एवढंच. दिवसाकाठी दहा फेऱ्या, तर तिसऱ्या दिवशी माझी पाठ धरली. आजी म्हणाली, "विहिरीतून ओढायचं असतं तर रे?"

कात्रजहून आलेलं पाणी

तेव्हापासून रात्री पुण्याच्या पाण्याबद्दल वाचायला लागलो. आपण पुणेकर कात्रजला स्नेक पार्क बघायला जातो, पण त्याच्या शेजारचा तलाव कशासाठी बांधला ते किती जणांना माहीत असतं? नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमाराला कात्रजला बांध घालून पाणी अडवलं आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळानं थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. ह्याला 'नळ' म्हणतात, पण हा अर्धा इंची नाही. आत माणूस शिरून साफसफाई करू शकेल एवढा तो बोगदा आहे. पंप नाही, मोटर नाही. कात्रज उंचावर, शनिवारवाडा सखल भागात, बास. मधे ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले, आतली हवा आणि दाब मोकळा व्हायला आणि आत उतरायला. शहरात पोचल्यावर पाणी हौदांत सोडलेलं. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, ही आज आपल्याला बसस्टॉपची किंवा चौकाची नावं वाटतात. खरं म्हणजे ते त्या काळचे नेटवर्क नोड आहेत. अजूनही कुठं पाया खोदताना किंवा रस्त्याचं काम करताना तो जुना नळ सापडला की पेपरात बातमी येते.

मग इंग्रजांचं राज्य. 1850 साली जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या मदतीनं मुळा-मुठेवर बंधारा झाला, ज्याच्यावरून बंड गार्डन हे नाव पडलं. तिकडे मुंबईला 1860 साली विहार तलावाचं पाणी पाइपानं शहरात आलं, नंतर 1879 ला तुळशी, 1892 ला तानसा. पुण्यासाठी 1870 च्या दशकात खडकवासल्याचं दगडी धरण उभं राहिलं. त्याच्या तलावाला इंग्रज 'लेक फाइफ' म्हणायचे. ज्या फाइफ नावाच्या इंजिनियरनं ती योजना आखली त्याच्यावरून. आज आपण तिथं पावसाळ्यात भजी आणि कणीस खायला जातो.

इथपर्यंत वाचताना मला मजा येत होती. इंजिनियरला आवडेल असा इतिहास. उतार, दाब, दगड, लोखंड, आणि दर पन्नास वर्षांनी व्हर्जन अपग्रेड. पण हौदांबद्दल वाचताना एक गोष्ट सारखी मधे यायची. हौदावर पाणी येत होतं, पण ते सगळ्यांना भरता येत नव्हतं. म्हणूनच जोतिराव फुल्यांनी 1868 साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. तो प्रसंग आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केला. पण विचार करा, तेव्हा कात्रजचा नळ येऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती. एवढा सुंदर नळ, एवढा नेमका उतार, आणि शेवटच्या दहा फुटांवर माणूस उभा राहून ठरवतोय, तू भर, तू नको.

पुढचं तर सगळ्यांना माहीत आहे. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा म्हणून ओळखला जाणारा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. शेवटी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल लागला 1937 मध्ये. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तलाव हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत, ते उगीच नाही.

हे मी वाचत होतो तेव्हा मला वाटत होतं की मी 'इतिहास' वाचतोय.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी दुपारी मी कॉलवर होतो. म्यूटवर अर्थातच, मागे छन्नी चालू. दार वाजलं. खाली पार्किंगमध्ये जी खोली आहे तिथं आमचे वॉचमनकाका राहतात, बायको आणि दोन मुलं. काकू दारात उभ्या होत्या, हातात कळशी. "दादा, थोडं पाणी मिळेल का? खालचा नळ चौथ्या दिवसापासून बंद झालाय."

मी हेडफोन कानात तसाच ठेवून ड्रममधली बादली भरली, दारात आलो, त्यांनी उंबऱ्याबाहेर कळशी धरली आणि मी वरून ओतलं. थोडं सांडलं. त्या "थँक्यू दादा" म्हणून गेल्या. मी परत कॉलवर. दोन मिनिटांचं काम.

आजी हॉलमधून बघत होती. काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर, दिवे बारीक केल्यावर, तिनं मला बोलावलं.

"एकसष्टचं तुला मी सांगितलंय का कधी?"

पूर सांगितला होता, खूपदा. 12 जुलै 1961. पानशेतचं मातीचं धरण पुरतं झालेलं नव्हतं. भरावाच्या पोटातून जाणाऱ्या मोरीचे दरवाजे नीट बसलेले नव्हते, पाणी तिथून अनावर वाहत राहिलं आणि भराव खचला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून काही तास मिळाले. मग पानशेत गेलं, आणि त्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या वाड्यापर्यंत पाणी आलं नाही, पण शहराला ज्या धरणातून पाणी यायचं तेच गेलं. पूर ओसरला आणि नळ कोरडे.

आजी तेव्हा वीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, चौकात एक नळ, मागे विहीर. पणजीला सोवळ्याला नळाचं पाणी चालायचं नाही, नळात चामड्याचा वायसर असतो म्हणून. तेव्हा विहीर वापरात होती.

"संडास साफ करायला एक बाई यायच्या," आजी म्हणाली. "त्या वेळी टोपलीचे संडास. काम झालं की पायरीखाली त्यांचं मडकं ठेवून लांब उभ्या राहायच्या. मी विहिरीचं काढून वरून ओतायची. रोजचंच होतं. मला काही वाटायचं नाही."

पुरात त्या बाईंचं नदीकाठचं घर गेलं. तिसऱ्या दिवशी त्या दोन पोरांना घेऊन आल्या. त्यांच्यामागे आणखी माणसं, खालच्या पेठांतली, ओळखीची, बिनओळखीची. विहिरीवर रांग लागली. आजी आणि वाड्यातल्या बायका सकाळपासून पाणी ओढून ओतत होत्या, हाताला फोड आले. शेवटी वाड्यातल्या एका मास्तरांनी सांगितलं, आता ओतत कोण बसणार, ज्यानं त्यानं आपलं ओढून घ्या. दोर खुला झाला. पणजी आत जाऊन बसली, पण काही म्हणाली नाही. त्यानंतर किती दिवस ते आजीला नक्की आठवत नाही, पण नळ परत येईपर्यंत त्या बाई स्वतः राहाटाला हात लावून पाणी काढत होत्या. आजीच्या शेजारी उभ्या राहून. एकदा आजीचा दोर निसटला तर त्यांनीच धरला.

"आणि मग नळ आला," आजी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. कोणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून मडकं पायरीखाली ठेवलं आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या."

"मग तू?"

"मी ओतलं."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "कायदा झाला होता तेव्हा. तुझे आजोबा पेपर वाचायचे मोठ्यानं. मला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता, 'या वर' एवढाच. नाही बोलले. चौसष्ट वर्षं झाली."

ती मला तू चुकलास वगैरे काही म्हणाली नाही. आजीचा तो स्वभाव नाही. "झोप आता, उद्या काम आहे ना," म्हणाली.

आउट ऑफ स्कोप

आता माझी कबुली. खालचा नळ बंद का झाला ते मला माहीत होतं.

पाइप बदलायचे ठरले तेव्हा सोसायटीत मी एकटाच 'कॉम्प्युटरवाला' म्हणून नकाशाचं काम माझ्याकडे आलं. कुठून कुठं पाइप जातो त्याची एक्सेल शीट मी बनवली, रंगीत, प्रत्येक फ्लॅटला वेगळी ओळ. सगळ्यांनी कौतुक केलं. पार्किंगमधला नळ जुन्या उभ्या पाइपाला जोडलेला होता आणि तो पाइप चौथ्या दिवशी निघणार होता. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलंही, ह्याचं काय? दुसरं कोणी म्हणालं, उद्या मीटर आले की त्या पाण्याचं बिल कोणाच्या नावावर? तिसरं म्हणालं, बघू नंतर. आणि मी शीटमध्ये त्या ओळीसमोर दोन शब्द लिहिले, 'आउट ऑफ स्कोप'. ओळ करड्या रंगाची केली. पुढच्या प्रिंटआउटमध्ये तर ती लपवूनच टाकली, पान एकात बसावं म्हणून.

कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. माझ्याही नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आणि इथंच तर गोम आहे. आत्तापर्यंत मी समजत होतो की जुन्या काळी माणसं दुष्ट होती म्हणून तसं वागायची. आजी दुष्ट होती का? वीस वर्षांची मुलगी, फोड आलेल्या हातांनी पुरातल्या लोकांना पाणी देणारी. फक्त जे रोज चालतं ते चालू राहिलं, आणि ते मोडायला जो एक शब्द लागतो तो कोणाच्या तोंडून निघाला नाही.

नळाबद्दल असं म्हणतात की तो जात विचारत नाही. खरंय. नळानं ती एक मोठी गोष्ट केली, विहिरीवरचा दोर आणि ओतणारा हात मधून काढून टाकला. पण नळ कोणाच्या दारापर्यंत जाणार ते नळ ठरवत नाही. ते शीट बनवणारा ठरवतो. दोन्हींत फरक आहे, मला मान्य आहे. वॉचमनकाकूंना कोणी विटाळ मानून पाणी नाकारलं नव्हतं, फक्त त्या कोणाच्या हिशेबात नव्हत्या. पण उंबऱ्याबाहेर कळशी धरून उभ्या असलेल्या बाईला हा फरक किती जाणवत असेल, ते मला ठरवता येत नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी प्लंबरकाकांना गाठलं. "काका, आपल्या उभ्या पाइपातून खाली पार्किंगमध्ये लाइन काढायची तर काय लागेल?"

"काय लागायचंय! एक टी, दोन एल्बो, दहा-बारा फूट पाइप आणि एक नळ. दोन तासांचं काम." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी विचारणार होतो. पण तुमच्या कागदावर नव्हतं."

बाबांनी सेक्रेटरींना फोन लावला. तिकडून परत तेच, बिलाचं काय. बाबा म्हणाले, "आमच्या पाइपावरून घेतोय, आमच्या बिलात घाला." मग बराच वेळ ऐकत राहिले, आणि शेवटी "बरं, मग पुढच्या मीटिंगला बोलू, पण नळ उद्या लागतोय" असं म्हणून फोन ठेवला. बाबा साधारणपणे इतकं बोलत नाहीत. पुढची मीटिंग पंधरा दिवसांनी आहे, तिथं काय होईल ते आज सांगता येत नाही. माझी शीट मी दुरुस्त केली आहे. ती ओळ आता सगळ्यांच्या वर आहे.

आठव्या दिवशी नळ बसला. काल शेवटची प्रेशर टेस्ट झाली. हातपंपानं दाब चढवला, गेजचा काटा तासभर हलला नाही, चावी सोडली. आमच्या शॉवरला असं पाणी आलं की मी दचकलो. बाथरूमच्या भिंतीला अजून प्लास्टर नाही, राडारोडा जिन्यात पडलाय, आणि तो कोण उचलणार यावर सोसायटीत नवा वाद सुरू झालाय. ते चालायचंच.

संध्याकाळी आजीला म्हटलं, चल, खाली नळ दाखवतो. जिना उतरायला तिला वेळ लागला. पार्किंगमध्ये आल्यावर तिनं इकडेतिकडे बघून अंदाज घेतला आणि म्हणाली, "विहीर इथंच होती. तो खांब आहे ना, तिथं राहाट." बिल्डिंग बांधताना ती बुजवली. मला हे माहीत नव्हतं.

वॉचमनकाकू कपडे भिजवत होत्या. आजीनं नळ सोडून पाहिला, पाण्याखाली हात धरला, बंद केला. मग मला विचारलं, "ह्याला कुलूपबिलूप नाही ना लावलेलं?"

नाही म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि काकूंशी मुलांच्या शाळेबद्दल बोलत तिथंच पायरीवर टेकली.

त्या गंजक्या पाइपाचा तुकडा मी ऑफिसला नेऊन डेस्कवर ठेवणार आहे. टीममधली मंडळी विचारतील हे काय, तेव्हा हेझन-विल्यम्स सांगेन. उरलेलं इथं लिहिलंय.